काच नीट बसली होती

प्राध्यापकांची गाडी अकरा वर्षांनी पुन्हा मिस्त्रीच्या गॅरेजात आली. चालवत आणली त्यांच्या मुलीने. प्राध्यापक वर्षभरापूर्वी वारले आणि गाडी तिच्या वाट्याला आली होती. ती इस्पितळात भूल देणारी डॉक्टर. बोलणं मोजकं, प्रश्न नेमके.

"डावीकडे पाय ठेवायच्या जागी पाणी येतं," ती म्हणाली. "पाऊस थांबला तरी दोन दिवस पाझरत राहतं. तीन गॅरेजं झाली, तिघांनीही हात टेकले."

मिस्त्रीने दार उघडलं. आतून बंद पेटीसारखा कुबट वास आला. त्याने मॅट उचलली, तर खाली वर्तमानपत्रांचा जाड थर. भिजून वाळलेला, पुन्हा भिजलेला, एकमेकांना चिकटून पुठ्ठ्यासारखा झालेला.

"बाबा घालायचे. सकाळी जुने काढायचे, नवे अंथरायचे. आई शेजारी बसायची ती पाय वर घेऊन."

"काचेतून येत असेल," मिस्त्री म्हणाला. ते सवयीने तोंडातून निघून गेलं. याच गाडीबद्दल, याच जागी उभं राहून, त्याने पूर्वीही हेच म्हटलं होतं.

"पुढची काच दोनदा बदलून झाली. इथून गेल्यावर एकदा आणि चार वर्षांपूर्वी पुन्हा. फरक शून्य." ती जरा हसली. "बाबा म्हणायचे, ह्या गाडीत कुठेतरी पाणी मुरतंय."

मिस्त्रीला हसू आलं नाही. "गाडी आठवडाभर ठेवावी लागेल," एवढंच तो बोलला.

त्या काळी गॅरेजात काचेचं काम त्याचा मेहुणा बघायचा. धाकट्या बहिणीचा नवरा. घरी तो जावई, त्यामुळे 'अहो, बसा ना, अजून थोडं घ्या' असं चालायचं. आणि गॅरेजात पाऊल टाकलं की 'अरे, हे धर, ते आण.' दोघांनाही त्याची सवय झाली होती. निदान मिस्त्रीला तसं वाटायचं. मेहुणा हाताने फार सफाईदार होता. काच बसवल्यावर कडेने बोट फिरवायचा आणि डोळे मिटून सांगायचा, कुठे रबर दुमडलंय ते.

प्राध्यापकांच्या गाडीचा काचेखालचा पत्रा गंजून सडला होता. मिस्त्रीने तो कापला, नवा तुकडा स्वतः जोडला. मेहुण्याने वर काच बसवली. आठ दिवसांत गाडी परत आली, आत पाणी. काच काढून पुन्हा बसवली. पुन्हा पाणी.

"दादा, काच नीट बसलीय," मेहुणा म्हणाला होता. "पाणी खालच्या पत्र्यातून येतंय. डॅशबोर्ड उतरवून बघू या."

डॅशबोर्ड उतरवायचा म्हणजे दोन दिवसांचं काम. शिवाय तो पत्रा मिस्त्रीच्या हातचा होता, आणि आपल्या पत्र्यातून पाणी येतं हे ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती.

तिसऱ्या खेपेला प्राध्यापक भर दुपारी आले. आवाज चढला होता. मिस्त्री काचेवर पाण्याचा पाइप धरून उभा होता, मेहुणा आत टॉर्च घेऊन वाकला होता. धाकटी नवऱ्याचा डबा घेऊन नुकतीच आली होती आणि दारापाशी थांबली होती. मेहुणा आतूनच म्हणाला, "दादा, पाइप जरा खाली धरा. खाली धरलात की कळेल." मिस्त्रीने पाइप खाली धरला नाही. पाणी बंद केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "साहेब, चूक माझीच. याच्या हाताला कसब नाही. बहिणीचा नवरा म्हणून ठेवून घेतलाय, दुसरं काय."

मेहुणा गाडीतून बाहेर आला. हात पुसले, फडकं घडी करून बॉनेटवर ठेवलं आणि चालू लागला. धाकटीने डबा तिथेच बाकावर ठेवला आणि ती त्याच्या मागोमाग गेली. त्यानंतर ती भावाच्या घरी आली ती एकदाच, आई गेली तेव्हा. उभ्या उभ्या आली आणि घोटभर पाणीही न घेता परतली.

मेहुण्याला दुसऱ्या गॅरेजात काम मिळेना. चारचौघांतला तो पाणउतारा त्याच्या आधी सगळीकडे पोचलेला असायचा. 'तो गळका ना?' असं विचारायचे. नावच पडलं, गळका. शेवटी तो एका फ्रेमच्या दुकानात लागला, फोटोंना काचा कापून द्यायला. हे मिस्त्रीच्या कानावर येत होतं. तो म्हणायचा, बरं झालं, झेपेल असं काम मिळालं.

आता डॉक्टरीणबाई गाडी ठेवून गेल्यावर मिस्त्रीने ती दुसऱ्या कुणाला हात लावू दिली नाही. पुढची सीट काढली, कार्पेट काढलं, त्याखालचा जाड नमदा पिळला तर अर्धी बादली पाणी निघालं. दोन दिवस पंखा लावून पत्रा कोरडा केला. मग त्या कोरड्या पत्र्यावर, वरपर्यंत, अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. पाण्याचा एक थेंब जरी उतरला तरी पावडरीत वाट दिसते. आणि बाहेरून पाइप धरला तो खालून वर. आधी चाकाची कमान, मग दाराचा खालचा काठ, मग वायपरखालची जाळी. प्रत्येक जागी दहा दहा मिनिटं. काच सगळ्यात शेवटी. एकदम वरून पाणी सोडलं की ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं.

चाकाच्या कमानीला आत कोरडं. दाराला कोरडं. जाळीखालच्या भोकात पानांचा चिखल साचला होता, तो त्याने तारेने मोकळा केला. पुन्हा पाणी धरलं. नवव्या मिनिटाला पावडरीत एक बारीक काळी रेघ उमटली. काचेवर अजून थेंबही पडला नव्हता.

रेघ वायरींच्या जुडग्याच्या कडेने उतरत होती. जुडगा डॅशबोर्डमागे जात होता.

त्याने डॅशबोर्ड उतरवला. दोन दिवस लागले. टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन तो उताणा आत शिरला. इंजिन आणि आतली बैठक यांच्या मधल्या पत्र्याच्या अगदी कोपऱ्यात, जुना पत्रा आणि नवा तुकडा जिथे मिळत होते, तिथे दोन बोटं सांधा सीलंटशिवाय राहिला होता. वरून रंग मात्र नीट मारलेला. त्या शेजारी वेल्डिंगचे टिपके होते, जोडीजोडीने दिलेले. तसे टिपके या गॅरेजात एकच माणूस द्यायचा.

पडल्या पडल्या त्याने तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. कुणी हाक मारली असेल, सीलंटची नळी संपली असेल, घाईत दुसरी गाडी लागली असेल. काहीच आठवलं नाही. एखादं कारण सापडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

सांधा घासून, प्रायमर मारून, सीलंट भरायला पाऊण तास लागला.

डॉक्टरीणबाई गाडी घ्यायला आल्या तेव्हा त्याने पाइप लावून दाखवला. आत कोरडं ठक्क. त्यांनी खाली वाकून पत्र्यावर तळवा टेकवला.

"काय होतं?"

"सांधा उघडा राहिला होता."

"कुणाकडून?"

"जुनं काम आहे," मिस्त्री म्हणाला.

"बाबा त्या तुमच्या काचवाल्याच्या नावाने फार बोलायचे. ओळखीच्या सगळ्यांना सांगायचे, अगदी इतर गॅरेजवाल्यांनासुद्धा, की त्याला काम देऊ नका. वाईट वाटायचं मला." त्यांनी किल्ली घेतली. "तुम्ही मात्र कमाल केलीत. तिघांना जे जमलं नाही ते तुम्ही शोधलंत."

पुढच्या आठवड्यात इस्पितळातले दोन जण आपापल्या गळक्या गाड्या घेऊन आले. गळती शोधावी तर तुम्हीच, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणाले. त्यातल्या एकाने तर हात जोडले. मिस्त्रीला ते सहन होईना.

रविवारी सकाळी तो धाकटीच्या घरी गेला. तिसरा मजला, दोन खोल्या. भिंतीला टेकवून रिकाम्या चौकटी ठेवल्या होत्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. मेहुणा टेबलाशी चहा घेत होता. केस पार पांढरे झाले होते. धाकटी दारातून बाजूला झाली, पण 'ये' म्हणाली नाही.

मिस्त्री खुर्चीच्या कडेवर टेकला. सुरुवातच जमेना. 'तू' म्हणावं की 'तुम्ही', इथपासून अडलं. ही जागा घरची होती आणि गोष्ट गॅरेजची.

"ती प्राध्यापकांची गाडी आली होती," तो शेवटी म्हणाला. "डॅशबोर्ड उतरवला. माझा सांधा उघडा होता. काच नीट बसली होती."

मेहुण्याने कप खाली ठेवला. "हो. माहीत आहे."

"माहीत होतं, तर तेव्हा..."

"तेव्हा बोललो होतो दादा. तुम्ही पाणी बंद केलंत."

बाहेर जिन्यावरून कुणीतरी सिलिंडर गडगडत खाली नेत होतं, तो आवाज संपेपर्यंत तिघंही थांबले.

"चुकलं माझं," मिस्त्री म्हणाला. "परत या गॅरेजात. काचेचं सगळं काम तुम्हीच बघा. मी मधे पडणार नाही."

"आता माझ्याच्याने गाडीची काच उचलवत नाही. खांदा गेलाय." मेहुण्याचा आवाज साधाच होता. "वहीएवढ्या काचा कापतो. तेवढंच जमतं."

"मग मी काय करू, सांगा."

यावर धाकटी बोलली. ती अजून उभीच होती. "दादा, तू आमच्यासाठी आला नाहीस. तुला आत कुठेतरी टोचतंय म्हणून आलास. सांगून मोकळा झालास, आता घरी जाऊन नीट जेवशील. आमचं काय? माझ्या सासऱ्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत ह्यांना बायकोच्या भावाने हाकललेला म्हणून ऐकवलं. त्यांना कुठे जाऊन सांगणारेस?"

मिस्त्रीने मान खाली घातली.

"चारचौघांत बोलला होतास," ती म्हणाली. "आणि कबूल करायला असा गुपचूप आलास. त्या प्राध्यापकांच्या मुलीला सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे कशाला आलास?"

चहा कुणी विचारला नाही. तो उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. सांधा कुणाचा होता, काचवाला काय म्हणत होता, पाइप का बंद केला.

"म्हणजे बाबा दहा वर्षं ओल्या गाडीत बसले ते तुमच्यामुळे," त्या म्हणाल्या. "आणि त्यांनी एका निरपराध माणसाच्या पोटावर पाय दिला, तोही तुमच्यामुळे. आणि परवा मी तुमचंच कौतुक करून गेले. त्यावेळी गप्प बसलात."

"हो," मिस्त्री म्हणाला.

मग त्याने रस्त्यापलीकडच्या रंगाऱ्याला सांगितलं, टायरवाल्याला सांगितलं, ज्या दोन गॅरेजांनी मेहुण्याला परत पाठवलं होतं तिथेही जाऊन सांगितलं. लोक ऐकून घ्यायचे. रंगारी म्हणाला, "जाऊ द्या हो मिस्त्री, जुनी गोष्ट." एका गॅरेजवाल्याला तर कुणाबद्दल चाललंय तेच कळेना. मग एकदम आठवून तो म्हणाला, "अच्छा, गळका! आहे का अजून?" मिस्त्रीने त्याला सगळं पहिल्यापासून पुन्हा समजावलं. तो मान हलवत राहिला, पण निघताना म्हणालाच, "सांगा गळक्याला, विचारलं म्हणून."

इस्पितळातून येणाऱ्या गाड्या बंद झाल्या. ते त्याला अपेक्षितच होतं. त्याने धाकटीला फोन करून सांगितलं, सगळ्यांना सांगून आलो म्हणून.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी मेहुणा गॅरेजात आला. मिस्त्री गाडीखालून घाईघाईने बाहेर निघाला. त्याने खुर्ची पुढे केली, आतल्या पोऱ्याला चहा सांगायला वळला.

"चहा नको," मेहुणा म्हणाला. "माझी रबरी वाटी राहिली होती इथे. काचेला चिकटवून ती उचलायची. स्वतःची आणली होती मी, गॅरेजची नव्हे."

मिस्त्रीने फळ्या धुंडाळल्या, खोके उलटे केले. शेवटी जुन्या हेडलाइटांच्या पेटीत तळाशी ती सापडली. रबर वाळून कडक झालं होतं, कडेला चिरा गेल्या होत्या. आता ती कशालाच चिकटली नसती.

"नवी आणून देतो," मिस्त्री म्हणाला.

"नको. हीच माझी आहे."

मेहुण्याने ती घेतली, बाहीने पुसून पिशवीत टाकली आणि आजूबाजूला काही न बघता बाहेर पडला. मिस्त्री दारापर्यंत गेला. रस्ता ओलांडायच्या आधी मेहुण्याने दोन्ही बाजूंना बघितलं, पण मागे वळून पाहिलं नाही.