वीस पडद्यांचं माप

शिवणकाम करणाऱ्या मावशींचे खरे पाय म्हणजे त्यांची सायकल. पडदे, चादरी शिवायच्या, कॅरिअरला बांधायच्या आणि घरोघरी पोचवायच्या, हा बावीस वर्षांचा धंदा. पण गेल्या महिन्यात मोठ्या चौकात वळणारा ट्रक इतका खेटून गेला की गठ्ठ्याची दोरीच तुटली. लेकीने निक्षून सांगितलं, "आई, पुन्हा असं झालं तर सायकल विकायची. मला तू हवी आहेस, पडदे नकोत." सायकल गेली की धंदाही गेला.

कुणाला सुबुद्धी झाली देव जाणे, पण त्याच चौकात सायकलींसाठी वेगळा सिग्नल बसला. बाकी गाड्या थांबवून आधी सायकलवाल्यांना सोडायचं. मावशींना हायसं वाटलं. मात्र पहिल्याच दिवशी त्या निम्म्यावर असताना दिवा लाल झाला आणि ट्रकांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. त्या कशाबशा पलीकडे पोचल्या.

कोपऱ्यावर सिग्नलच्या पेटीत डोकं घालून तंत्रज्ञ काम करत होता.

"अहो दादा, हा दिवा कुणाच्या मापाने लावलाय?"

"माझ्याच. स्वतः सायकल चालवून दहादा वेळ मोजलीय, मावशी."

"सायकलवर काय होतं?"

"काय असणार? मी."

मावशींना हसू आलं. "सदऱ्याचं माप कुणी हँगरवर घेतं का? ही चालवून बघा."

वीस पडद्यांचा गठ्ठा असलेली सायकल त्यांनी त्याच्या हाती दिली. गडी तरणाबांड, पण निघतानाच हँडल डुगडुगलं आणि मधोमध लाल दिव्याने त्यालाही गाठलं. परत आला तो घाम पुसत.

"चुकलंच माझं. साहेबांची मंजुरी लागेल, पण वेळ वाढवून घेतो."

असं बोलणारे मावशींनी पुष्कळ पाहिले होते. हा मात्र शब्दाला जागला.

आठवड्याने लेक चौकापलीकडे येऊन उभी राहिली, परीक्षाच घ्यायला. हिरवा दिवा लागला. मावशी गठ्ठ्यासकट सावकाश निघाल्या, पोचल्या, उतरल्या, तरी दिवा हिरवाच होता आणि ट्रक जागच्या जागी उभे होते. लेकीने गठ्ठ्याची दोरी ओढून पाहिली.

"ही गाठ मारलेली दोरी बदल, आई. रोजच्या रोज टिकायची नाही."

मावशींचे डोळे भरून आले. तंत्रज्ञ पेटीपाशीच होता. त्या तडक त्याच्याकडे गेल्या.

"दादा, फार उपकार झाले तुमचे."

तो गोंधळलाच. "लोक माझ्याजवळ थांबतात ते शिव्या द्यायला, मावशी."

"सरळ उभे राहा," म्हणत मावशींनी गळ्यातली टेप काढली आणि त्याच्या खांद्याला लावली. "पक्कड राहील एवढा खिसा ठेवते सदऱ्याला."

तिकडे सायकलींचा हिरवा दिवा लागला आणि विझला. मावशींना घाई नव्हती.