बाबांच्या ओळीखाली सात अंगठे

“अगं मोहना, आधी वाच, मग अंगठा दाब,” भास्करराव लेकीला म्हणाले होते.

“बाबा, सगळं वाचते हो मी!”

मित्रांनो, हे काही खरं नव्हतं. मी एक जुना मोबाईल आहे, मोहनाचा. तो अंगठा माझ्याच काचेवर पडायचा, म्हणून मला ठाऊक!

दुकानातून नवा कोरा आलो तेव्हा काय माझा थाट होता! मोहनाच्या लेकीचं, इराचं पहिलं पाऊल मीच टिपलं. पोरीला जरा शिंक आली की उपाय शोधायला मोहना मला दहादा उघडायची. आता माझ्या काचेला तडा आहे, बॅटरी दुपारीच मान टाकते. पण एका मंगळवारची ती सकाळ आठवली की मी अजून थरथरतो!

मोहना राहते प्रतापनगरला, भास्करराव रावपुऱ्यात एकटे. रोज सकाळी सातला ते घरच्या ग्रुपवर मराठीत एक ओळ लिहायचे, खास नातीसाठी. इराची शाळा गुजराती. मराठी वाचायला ती या ओळींवरच शिकत होती. बाकीचे अंगठा देऊन मोकळे.

त्या मंगळवारीही ओळ आली. पहिला अंगठा मोहनाचा! मग मामा, मावश्या, भावंडं. सात अंगठे, वर एक गुलाबाचं फूल. मला सगळं दिसत होतं, पण ओरडता कुठे येतं?

इरा दुधाचा पेला घेऊन अक्षरं जुळवू लागली. “पा...य घस...रला. उठता येत नाही. मम्मी, आजोबा पडलेत!”

डबा तसाच राहिला. मोहनाने फोन लावला. “बाबा, फोन का नाही केलात?”

“सकाळी तुझी डब्याची घाई असते ना, बेटा.”

रिक्षा सुसाट निघाली! “चिंता ना करो, बेन!” रिक्षावाला म्हणत होता. मोहनाच्या मुठीत मी घामाने भिजलो.

दूधवाल्यासाठी दाराची कडी काढलेली होती, म्हणून बरं. भास्करराव न्हाणीच्या दारात बसलेले, घोटा टम्म सुजलेला. इराने धावत जाऊन त्यांचा हात धरला.

“सात अंगठे आले गं,” ते हसत म्हणाले, “हात मात्र हा एकच.”

मोहनाला हसू आलं नाही.

आता घोटा बरा आहे. ओळ आली की इरा मोठ्याने वाचते आणि मोहना डबा बाजूला ठेवून आधी फोन लावते.

मित्रांनो, आज सकाळी तुम्ही कुणाला नुसताच अंगठा दिलात? ती ओळ पुन्हा उघडा. वाचा. आणि त्यांना फोन लावून विचारा, कसे आहात?


लावा ना. मी थांबतो.