एक आकडा महिला राखीव

त्या साली दुष्काळ असा होता, की पालीच्या तलावावर बगळे उतरले, त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आल्या वाटेनं चालत परत गेले. उडायलाही अंगात पाणी लागतं. नेकनूरच्या फाट्यावरून आत असलेल्या हिंगणदऱ्यात टँकर आठवड्यातून दोनदा यायचा आणि त्याच्या मागं गावातली कुत्री वरातीसारखी चालायची. अशा वेळी हिंगणदरा सेवा सहकारी सोसायटीच्या संचालकांनी पाण्याच्या प्रश्नाचा मुळातून अभ्यास करायचं ठरवलं. अभ्यास करायचा तर जिथं पाणी आहे तिथंच जावं लागतं, म्हणून ते समुद्रावर गेले. मुंबईहून सुटणारी, तीन दिवस पाण्यावर हिंडवून परत मुंबईलाच आणून सोडणारी अकरा मजली बोट. दौऱ्याच्या कागदावर विषय लिहिला होता: खाऱ्या पाण्यापासून गोडं पाणी. बोटीवर तो विषय काढल्याचं मात्र नंतर कुणालाच आठवलं नाही.

खरं कारण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सोमवारी सकाळी अकराला चेअरमन बंकटरावांवर अविश्वासाचा ठराव येणार होता. संचालक तेरा. सात बंकटरावांकडं, सहा मोहनरावांकडं. मागल्या खेपेला बंकटरावांनी आपली माणसं थंड हवेच्या ठिकाणी नेऊन ठेवली होती, तर मोहनरावांच्या लोकांनी हॉटेलात नाश्त्याच्या रांगेतून दोन संचालक उचलून नेले. एकाच्या हातात अर्धा वडा तसाच होता म्हणतात. तेव्हापासून बंकटराव म्हणायचे, माणसासारखी चोरीला जाणारी वस्तू दुसरी नाही. समुद्राचं मात्र बरं असतं. तिथं जीप येत नाही.

या सातांत सातवं मत चतुराबाईचं. साठी ओलांडलेली, महिला राखीव जागेवरून निवडून आलेली बाई. बंकटरावांनी तिला मत म्हणून घेतलं होतं आणि ती स्वतःला संचालक समजत होती, एवढाच काय तो दोघांतला गैरसमज. तिच्या दावणीला दोन गाई आणि एक गाभण म्हैस. कडबा संपत आलेला. सोसायटीत ठराव झाला, की लगेच गावच्या गायरानात चारा छावणी सुरू होणार होती, आणि हा ठराव बंकटराव दोन महिने पुढच्या मीटिंगला घेत होते. जनावरं पुढच्या मीटिंगपर्यंत उभी राहतील की नाही, एवढाच चतुराबाईचा प्रश्न होता. बोटीवर निवांत बसून पहिला तोच ठराव घेऊ, असं बंकटरावांनी तिला देवघरासमोर उभं राहून सांगितलं, तेव्हा ती निघाली. जनावरं बहिणीच्या भरवशावर ठेवली आणि पंधरा धपाटी, शेंगदाण्याची चटणी घेऊन गाडीत बसली.

गाडी नगरच्या पुढं गेल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी निवृत्ती यानं प्रोसिडिंगची वही फिरवली. हजेरीची सही करा म्हणाला. पान वरून कोरं, सह्या तळाला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण आपल्याकडं सहकार असाच चालतो: आधी सह्या होतात, मग सवडीनं त्यांच्या डोक्यावर मजकूर बसवला जातो. चतुराबाईनंही सही केली. ती सही चित्र काढल्यासारखी हळूहळू काढायची, म्हणून बंकटरावांची समजूत, की बाईला वाचता येत नाही. ती चौथी पास होती. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची तिला सवय नव्हती.

बोटीत शिरल्यावर बंकटरावांनी सगळ्यांचे मोबाईल गोळा केले. समुद्राच्या हवेनं खराब होतात, हे कारण. मोहनरावांचा फोन येईल, हे कारण नव्हे. मोबाईल, प्रोसिडिंगची वही आणि सोसायटीचा गोल शिक्का, हा सगळा ऐवज त्यांच्या खोलीतल्या कपाटात जी लोखंडी पेटी होती तिच्यात ठेवायचा होता. खोलीत प्रत्येकाला अशी पेटी मिळाली होती. चार आकडे दाबायचे, की दार बंद. तेच चार दाबायचे, की उघडं. चतुराबाईला खिडकी नसलेली वेगळी खोली दिली होती, महिलांचा मान म्हणून. तिनं आपल्या पेटीत धपाटी ठेवली. दुसरं जपण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं, आणि बोटीवरचं जेवण बघितल्यावर तिची ती निवड चुकीची होती असं कुणी म्हणू शकलं नाही.

बंकटरावांच्या पेटीवरून मात्र रामकिसननं फाटे फोडले. हा सोसायटीचा व्हाईस चेअरमन. सगळ्यांचा माल पेटीत आणि आकडे एकट्या चेअरमनला माहीत, हे सहकाराच्या तत्त्वात बसत नाही, असं त्याचं म्हणणं. बँकेतसुद्धा दोन सह्या लागतात. पंडित म्हणाला, दोन कशाला, तीन ठेवा. हा संचालक पंडित नावाचाच. दोन्ही पार्ट्यांकडून चहा पिणारा. शेवटी अर्धा तास चर्चा होऊन एकमतानं ठरलं, की चार आकडे चौघांनी एकेक करून दाबायचे, बाकीच्यांनी भिंतीकडं तोंड करायचं आणि आपला आकडा कुणालाही सांगायचा नाही. चौथा आकडा महिला राखीव.

जगात कुठल्याही बोटीवर कुठलीही तिजोरी अशी बंद झाली नसेल. आधी बंकटरावांनी दाबला, मग रामकिसननं, मग पंडितनं. प्रत्येकजण डोक्यावरून पंचा ओढून कपाटात शिरायचा, जणू आत बाळंतीण होती. चतुराबाईची पाळी आली तेव्हा बंकटराव तिच्या कानाशी वाकले.

"काकू, डोक्याला ताण नका देऊ. तुमी एक दाबा."

चतुराबाईनं मान हलवली, पदर पुढं ओढला आणि दाबला. पेटी 'कुईं' करून बंद झाली. बंकटराव समाधानानं हसले. रामकिसनला त्यांनी आधीच दोन सांगितला होता आणि पंडितला तीन, आणि प्रत्येकाला वाटत होतं, की हे फक्त आपल्यालाच सांगितलंय.

मग अभ्यास सुरू झाला. गच्चीवर पोहण्याचा हौद होता. चतुराबाईनं त्याच्या कडेनं चालून अंदाज घेतला: हिंगणदऱ्याचे सहा टँकर, आणि त्यात एक गोरा माणूस उताणा पडून वर्तमानपत्र वाचत होता. तिनं बंकटरावांना छावणीच्या ठरावाचं विचारलं. ते म्हणाले, जेवण झाल्यावर. जेवण झाल्यावर म्हणाले, चहाच्या वेळी. बोटीवर दिवसातून सहा वेळा खायला होतं, त्यामुळं ठराव पुढं ढकलायला जागाच जागा होती. दुसरा दिवसही असाच खाण्यात गेला. चतुराबाई खुर्चीत बसून पाण्याकडं बघायची आणि म्हैस आज उठली असेल का, याचा विचार करायची. मोबाईल पेटीत. बहिणीला विचारावं तरी कसं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जादूचे प्रयोग बघायला गेले तेव्हा ती पुन्हा विचारायला म्हणून बंकटरावांच्या खोलीशी आली. दार लोटलेलं होतं. आत चेअरमन गुडघ्यावर, डोकं कपाटात, पाठीमागचा भाग समाजाकडं. ते आकडे दाबत होते. पेटी नाही म्हणत होती. त्यांनी पुन्हा दाबले. तिसऱ्यांदा दाबले, तेव्हा पेटीनं लांब सूर काढला, तांबडा दिवा लावला आणि एकदम गप्प झाली. रुसलेल्या जावयागत. बंकटरावांनी मागं बघितलं तर दारात चतुराबाई.

ते उठले, धोतराची निरी सारखी केली आणि म्हणाले, मेहुण्याला फोन लावायचा होता जरासा. मग आवाज खाली आणून विचारलं,

"काकू, तुमी एकच दाबलता ना?"

"तुमी एक दाबा म्हणले, मी मान हालविली. दाबते म्हणले नव्हते."

"मंग काय दाबलं?"

"कुनाला सांगायचा न्हाई असा ठराव झालाय," चतुराबाई म्हणाली. "एकमतानं."

पेटी रुसल्याची बातमी चहापर्यंत सगळ्यांना कळली, आणि चेअरमन एकटेच ती उघडत होते हेही कळलं, कारण चतुराबाईनं ते लपवलं नाही. रामकिसननं पंडितकडं बघितलं, पंडितनं रामकिसनकडं. तुला किती सांगितला होता, असं दोघांनी एकमेकांना विचारलं आणि मग दोघं मिळून बंकटरावांकडं वळले. आपापले मोबाईल आत्ताच्या आत्ता पाहिजेत म्हणाले. उद्या सकाळी मुंबई, परवा अकराला मीटिंग, आणि मोबाईल हातात नसले तर मोहनराव काय भाव देतायत तेही कळायचं नाही. हे शेवटचं पंडित मनात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू आलं.

बोटीवरचा पांढऱ्या कपड्यातला माणूस आला. रत्नागिरीकडचा होता, मराठी बोलत होता. पेटी मशीननं उघडून देतो म्हणाला, रोज दोन-चार उघडाव्या लागतात. फक्त बोटीचा नियम असा, की अशी पेटी सगळ्यांसमोर उघडायची, आतली प्रत्येक वस्तू बाहेर काढायची, यादी करायची आणि ज्याची त्याला द्यायची. हे ऐकून बंकटरावांच्या चेहऱ्यावरचं पाणी गेलं. दुष्काळी भागातला माणूस, जवळ होतं तेवढंही गेलं. ते म्हणाले, राहू द्या, घरी जाऊन बघू. पांढऱ्या कपड्यातला म्हणाला, साहेब, पेटी कपाटाला ठोकलेली आहे, आणि कपाट बोटीला.

पेटी उघडली. निवृत्तीचा धरून आठ मोबाईल निघाले, शिक्का निघाला, शेवटी वही. यादीत लिहायला त्या माणसानं वहीचं नाव विचारलं. बंकटराव ती घेण्यासाठी पुढं झाले, पण चतुराबाई कपाटाला लागून उभी होती आणि वही तिच्या हातात आली. तिनं ती उघडली. सगळ्यांना वाटलं, चित्रं बघतेय.

मग ती वाचायला लागली. बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत, पहिलीतल्या पोरीसारखी, पण खणखणीत. सह्यांच्या डोक्यावरचं कोरं पान आता निवृत्तीच्या अक्षरानं भरलेलं होतं. ठराव क्रमांक चार. दुष्काळी परिस्थिती लक्षात घेऊन सोसायटीची चारा छावणी मौजे पाली येथे, अमुक गट नंबरात सुरू करावी. गट नंबर कुणाचा, ते निवृत्तीनं लिहिलेलं नव्हतं, पण तो बंकटरावांच्या मेहुण्याचा हे तिथल्या सातांतल्या सहांना लगेच कळलं आणि सातवे बंकटराव. हिंगणदऱ्यापासून पाली पंधरा किलोमीटर. गाभण म्हैस पंधरा किलोमीटर चालत नाही, ती वाटेत बसते आणि मग उठत नाही.

चतुराबाई पुढं वाचत गेली. ठरावाची सूचक: श्रीमती चतुराबाई. अनुमोदक: रामकिसन. खाली तिचीच सही, चित्र काढल्यासारखी.

पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं पेन टेकवून ठेवलं होतं. रामकिसनच्या घरी पाच जनावरं होती. आपण कशाला अनुमोदन दिलं हे त्याला आत्ता कळत होतं. बंकटराव समजुतीच्या सुरात म्हणाले, की तसा हा कच्चा मसुदा आहे, आणि गायरानात सावली नाही, पालीला विहीर आहे, आणि जनावरं टेम्पोत नेता येतील, आणि राजकारणात काही गोष्टी दुरून बघाव्या लागतात. एवढ्या दुरून कुणीच बघितल्या नव्हत्या. मधे आख्खा समुद्र होता.

"ह्यो ठराव मी मांडलाय ना?" चतुराबाईनं विचारलं.

"तसं लिव्हलंय खरं," निवृत्ती खाली बघून म्हणाला.

"मंग ज्यानं मांडला त्याला मागं घेता येतो. लिव्ह. सूचक ठराव मागं घेतीया."

निवृत्तीनं बंकटरावांकडं बघितलं. बंकटराव म्हणाले, असं बोटीवर मीटिंग लावता येत नाही. रामकिसन म्हणाला, आपला ठराव तर गाडीत झालाय, नगरच्या पुढं, तो कसा लागला. तेरातले सात हजर आहेत म्हणजे मीटिंग होते, हे खुद्द बंकटरावांनीच त्यांना दहा वर्षं शिकवलं होतं. चेअरमन पलंगावर बसले. त्यांनी मोजून बघितलं असावं: बाईवर रागावलं तर सातात सहा उरतात, आणि सोमवार काही पुढच्या मीटिंगला घेता येत नाही.

"काय लिव्हायचं काकू?" त्यांनी विचारलं.

छावणी हिंगणदऱ्याच्या गायरानात, येत्या गुरुवारपासून. सूचक बंकटराव. चतुराबाईनं ते त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलं, निवृत्तीच्या नाही. मग लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि त्यानंतर सह्या झाल्या. सोसायटीच्या स्थापनेपासून मजकूर आधी आणि सह्या नंतर, असा हा पहिलाच ठराव. एका जुन्या संचालकाला तर सही कुठं करायची तेच सुचेना, कारण सगळं पान भरलेलं. पांढऱ्या कपड्यातल्या माणसानंही आपली यादी सह्यांसाठी पुढं केली. बाकीचे सवयीनं न वाचता सह्या करून मोकळे झाले. चतुराबाईनं यादी वाचली, मोबाईल मोजले, मग केली. वही आणि शिक्का तिनं परत पेटीत जाऊ दिले नाहीत. पदरात बांधले, आणि मुंबईपासून नेकनूरपर्यंत ते गाठोडं मांडीवर घेऊन बसली. वाटेत पंडितनं दोनदा तिला डुलकी लागलीय का ते बघितलं.

सोमवारी अकराला तिनं बंकटरावांच्या बाजूनं हात वर केला. सात विरुद्ध सहा. मोहनरावांना याचं लई नवल वाटलं, कारण वहीतल्या त्या पानाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि त्यांनी तिच्यासाठी जीपही पाठवली होती. पण मोहनरावांनाही मेहुणा होता, आणि त्याचं शेत पालीहूनही लांब, थेट परळीच्या वाटेवर. चतुराबाईनं त्यांना हे तोंडावर सांगितलं नाही. जीपवाल्याला सांगितलं.

गुरुवारी गायरानात छावणी लागली. बंकटरावांनी फीत कापली आणि पाऊण तास भाषण केलं. अथांग सागराकडं बघताना आपल्याला मुक्या जनावरांची तहान कशी दिसली, आणि त्याच क्षणी आपण ठराव कसा मांडला, ते सांगताना त्यांचा गळा दोनदा भरून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठरावावर अक्षर त्यांचंच असल्यामुळं खोटं म्हणायची सोय नव्हती. चतुराबाई मात्र मांडवात नव्हती. ती पलीकडं दावणीपाशी उभी राहून ऊस बारीक तोडून टाकत होती, आणि म्हैस मान वर न करता खात होती.