डब्यातला फोन आणि रेडिओ घनसाळ

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही पत्र्याच्या एका लांबट शेडमध्ये बसला आहात. समोर काजूच्या बियांची रास आहे. दोन्ही हातांना तेल आणि राख चोपडलेली आहे, कारण काजूच्या टरफलातलं काळं तेल कातडीला लागलं, तर कातडी सोलून निघते. आणि नेमकी आता तुमच्या नाकाला खाज सुटली आहे. काय कराल? नाक खांद्याला घासाल. बरोबर! त्या हातांनी नाक खाजवता येत नाही, डोळे चोळता येत नाहीत आणि मोबाईलला तर मुळीच हात लावता येत नाही. एवढं ध्यानात ठेवा. माझी सगळी कहाणी त्या हातांवर उभी आहे.

आता डोळे उघडा. मी एक जुना मोबाईल आहे. मुक्काम आजरा, जिल्हा कोल्हापूर. दिवसभर माझं राहणं एका जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, उभ्या डब्यात. डबा का, ते पुढे सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला पांढऱ्या हातमोज्यांतली बोटं आणि लख्ख उजेड एवढंच आठवतं. पहिला मालक कोल्हापुरातला एक कॉलेजकुमार. त्यानं रंकाळ्यावर माझ्याकडून इतके फोटो काढून घेतले, की तळ्याची प्रत्येक पायरी मला पाठ झाली. पुढे त्याला नवा फोन मिळाला आणि मी दोन वर्षं ड्रॉवरात, तुटक्या इअरफोनच्या गुंत्यात पडून राहिलो. न वापरता पडून राहणं हे पडून फुटण्यापेक्षा वाईट, असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं.

तिथून मी आलो आजऱ्याला, मौलाली चाचांच्या दुकानात. चाचा चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करतात, अलीकडे मोबाईलही. त्यांनी माझी काच बदलली, बॅटरी बदलली आणि मला शेवंताबाईंच्या हाती दिलं. शेवंताबाई काजूच्या शेडमध्ये बिया फोडतात. त्यांना वाचता येत नाही, पण ऐकलेलं त्या कधी विसरत नाहीत.

मित्रांनो, या चाचांनी एक गंमत केली होती. दुकानाच्या मागच्या खोलीत एक माइक आणि एक कंप्युटर मांडून त्यांनी इंटरनेटवरचा रेडिओ सुरू केला होता. आमच्याकडच्या सुवासिक तांदळावरून त्याचं नाव ठेवलं, रेडिओ घनसाळ. सकाळी दहा वाजता तो सुरू व्हायचा. कुणाची म्हैस हरवली, कोणती एसटी आज येणार नाही, फणसाची भाजी चिकट होऊ नये म्हणून काय करावं, असं सगळं त्यावर असे. आणि अकरा वाजता 'अकराचं पान'. शाळेतलं एक मूल एका पुस्तकाचं एकच पान वाचायचं. पुढचं पान दुसऱ्या दिवशी.

चाचांनी माझ्यात रेडिओचं एक साधं ॲप घातलं होतं. बरोबर दहाला मी आपोआप वाजू लागायचो, कुणी हात लावायची गरज नाही. माझा आवाज तसा किरटा. पण शेवंताबाईंनी मला जर्मनच्या रिकाम्या डब्यात उभं केलं, तेव्हा तोच आवाज शेडभर घुमला. "बारका हाय, पर गळा काय हाय बघ!" असं त्या म्हणाल्या होत्या. इतकं कौतुक माझं रंकाळ्यावरही झालं नव्हतं.

त्या वर्षी अकराच्या पानाला समुद्रप्रवासाचं एक जाडजूड पुस्तक चालू होतं. मार्चच्या शेवटी गोष्टीतलं जहाज दाट धुक्यात अडकलं. पान शहाऐंशी.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले. मी जागा झालो, चाचांच्या रेडिओचा पत्ता शोधू लागलो, आणि पलीकडे कुणीच नव्हतं. तारीख होती एक एप्रिल.

"चाचानं एप्रिल फूल केलं बघा!" बायडाबाई हसून म्हणाल्या. त्या शेवंताबाईंच्या शेजारी बसतात आणि सगळ्या शेडला पुरेल एवढं बोलतात.

अकरा वाजले, बारा वाजले. मग कुणी हसेना.

संध्याकाळी शेवंताबाईंची भाची संघप्रिया मला घेऊन थेट चाचांच्या दुकानात गेली. संघप्रिया सहावीत आहे, आत्याकडेच राहते, आणि धुक्याचं ते शहाऐंशीवं पान तिनंच वाचलं होतं. चाचा कंप्युटरसमोर कपाळाला हात लावून बसले होते. ज्या सॉफ्टवेअरवर रेडिओ घनसाळ चालायचा, ते बनवणाऱ्या कंपनीनं आपलं कामच गुंडाळलं होतं.

"फेब्रुवारीत कंप्युटरवर त्यांचं पत्र आलतं की," चाचा म्हणाले. "मला वाटलं जाहिरात हाय. पुसून टाकलं."

पण चाचा गप्प बसणारे नव्हेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंप्युटरची तारीखच एक वर्ष मागे नेली. सॉफ्टवेअर फसलं, सुरूही झालं. चाचांनी माइकसमोर "नमस्कार मंडळी" म्हटलं. शेडमध्ये माझ्यापर्यंत मात्र एक अक्षर आलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून व्हिडिओवरून थेट प्रसारण सुरू केलं. आता हे चालू करायला काचेवर बोट टेकवावं लागणार. आणि हात तर तेलाचे! शेवंताबाईंनी थोडा विचार केला, डब्यात वाकल्या आणि नाकानं दाबलं. आधी साबणाची जाहिरात लागली. पुन्हा दाबलं. या वेळी नाक जरा डावीकडे सरकलं, आणि मी खच्चून ओरडू लागलो, "लाल मातीत दोन्ही पैलवान समोरासमोर!" मला थांबवायला कुणाचाच हात मोकळा नव्हता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शेडमध्ये कुस्त्या चालल्या.

"काय म्हणा, डाव झकास टाकला त्या बारक्या पैलवानानं," बायडाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. "शेवंता, हे डबडं भंगारात घाल. जुन्या फोनवर न्हाय चालायचं आता काही."

मित्रांनो, ते ऐकून मी गरम झालो. बॅटरीमुळे नव्हे.

"फोन काय वाईट हाय माझा?" शेवंताबाई म्हणाल्या. "जहाजाचं काय झालं, एवढं कळू दे मला आधी."

"बुडालं असंल."

"बुडालं असतं तर पुस्तक एवढं जाड कशाला असतं गं?"

त्या रात्री जेवताना संघप्रिया म्हणाली, "आत्या, पुस्तक चाचांकडं हाय. मी आणून वाचते की तुला पुढचं."

"नको," शेवंताबाई म्हणाल्या. "शेडातल्या चौदा जणी धुक्यात अडकल्यात, आणि मी एकटीच काठाला लागू व्हय?"

संघप्रियाची भाकरी तशीच ताटात राहिली.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती मला घेऊन दुकानात गेली. चाचांनी कंप्युटरवर पाच-सहा नवी सॉफ्टवेअर उघडून ठेवली होती. एकाला नवीन फोन हवा, एकात मिनिटामिनिटाला जाहिराती, एक रोज नवा पत्ता देणार. चाचा वैतागले होते. "समदं नव्यानं उभारायला लागतंय, बेटी. फोनसुद्धा समद्यांचे नवे."

टेबलावर एक जुना रेडिओ उघडा पडला होता. संघप्रियानं त्याच्याकडे बोट केलं. "चाचा, हा बंद पडला तर तुम्ही आधी काय बघता?"

"बिघाड कुठं हाय ते. आधी सेल, मग वायर, मग स्पीकर. एकेक तपासायचं. समदा रेडिओ कोण बदलतंय?"

"मग आता समदा रेडिओ का बदलताय?"

चाचांनी चष्मा काढला. तिच्याकडे पाहिलं. मग मोबाईलच्या एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर चार चौकोन काढले. पहिला माइक. दुसरा कंप्युटर. तिसरं कंपनीचं परदेशातलं यंत्र, जे आवाज घेऊन सगळीकडे वाटायचं. चौथा मी. होय, चाचांनी माझं चित्र काढलं, डब्यासकट!

दोघांनी एकेक तपासायला सुरुवात केली. माइक ठीक. कंप्युटर ठीक. माझी पाळी आली तेव्हा मी जरा घाबरलो होतो. संघप्रियानं माझ्या साध्या ॲपमध्ये दुसऱ्याच कुठल्या गावच्या रेडिओचा पत्ता घातला. क्षणभर गोल फिरलं, आणि मी वाजलो! स्वच्छ, खणखणीत.

"फोन बरा हाय, चाचा!"

"मग बिघाड एकाच ठिकाणी," चाचांनी तिसऱ्या चौकोनावर फुली मारली. "म्या तारीख मागं केली ती या खोलीतल्या कंप्युटरची. बंद झालंय ते तिकडं. अरे अल्ला, चाळीस वर्षं हेच काम करतोय आणि तीन दिवस उगाच धडपडलो!"

मित्रांनो, त्यानंतरचं काम अवघड नव्हतं, फक्त निगुतीचं होतं. काय शोधायचं ते आता ठरलं होतं. आवाज घ्यायचा आणि साध्या पत्त्यावर द्यायचा, एवढंच करणारं सॉफ्टवेअर. ते मिळालं. कुणा एका कंपनीचं नव्हे. जगभरच्या जाणकारांनी मिळून बनवलेलं, कुणालाही वापरायला, उघडून बघायला, दुरुस्त करायला मोकळं. चाचांना ते फार आवडलं. "ह्याचं झाकण स्क्रूचं हाय. चिकटवलेलं न्हाय," असं त्यांनी त्याचं वर्णन केलं. इंटरनेटवर भाड्यानं मिळणाऱ्या छोट्या जागेत त्यांनी ते बसवलं.

तेवढ्यात संघप्रियानं आणखी एक प्रश्न काढला. "उद्या ही जागा बंद झाली तर? पुन्हा समद्यांच्या फोनात नवा पत्ता?"

म्हणून चाचांनी रेडिओ घनसाळच्या नावाचा स्वतःचा पत्ता घेतला. मागची जागा कितीही वेळा बदलो, पत्ता तोच राहणार. दुकान हललं तरी पाटी आपली!

पुढचा आठवडाभर संघप्रिया शाळेआधी शेडच्या फाटकापाशी उभी राहिली. बायकांच्या हाताला तेल लागायच्या आत एकेकीचा फोन घ्यायची, नवा पत्ता घालायची, पुढच्या शेडकडे पळायची. सदतीस फोन झाले. मी अडतिसावा.

रविवार उजाडला. शेडचं काम चालू होतं आणि संघप्रियाला सुट्टी होती. ती माझ्या डब्याशेजारी उभी राहिली. दहा वाजले. मी जागा झालो. गोल फिरू लागलं. फिरतंय, फिरतंय. बिया फोडणारे हात थांबले.

"लाव की बोट!" बायडाबाई ओरडल्या.

संघप्रियानं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. "न्हाय. हात लावायचा न्हाय."

आणि डब्यातून चाचांचा आवाज घुमला, "नमस्कार मंडळी! हा आपला रेडिओ घनसाळ. फणसाच्या भाजीआधी एक माफी मागायची हाय..." पुढचे शब्द कुणाला ऐकू आले नाहीत, शेडमध्ये एवढा गलका झाला.

अकरा वाजता मात्र टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. पान सत्त्याऐंशी. आदल्या संध्याकाळी संघप्रियानंच ते वाचून ठेवलं होतं. धुक्यात दूरवर घंटा वाजली, आणि पान संपलं.

"घंटा कुणाची?" बायडाबाईंनी विचारलं.

"उद्या कळंल," शेवंताबाई बी उचलत म्हणाल्या. "बुडालं न्हाय, एवढं नक्की."

मित्रांनो, मी आता फार वर्षं चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. काच पिवळी पडली आहे, कडेला काजूच्या तेलाचे डाग आहेत. पण जोवर काम करतोय तोवर मला ड्रॉवरात टाकू नका, एवढं माझं मागणं. तुमच्या घरातलं काही बंद पडलं, तर फेकण्याआधी त्याचे चौकोन काढून बघा. बिघाड बहुधा एकाच चौकोनात असतो.

त्या दिवशी घरी गेल्यावर संघप्रियानं वहीचं शेवटचं पान फाडलं. त्यावर सगळं लिहून काढलं: चार चौकोन, नवं सॉफ्टवेअर कुठं मिळालं, पत्ता कुठं बदलायचा. मग कागदाची चौपदरी घडी केली आणि माझ्या पाठीवरच्या कव्हरात सरकवली.

"मला वाचता येत न्हाय, माझ्या फोनात कशाला?" शेवंताबाईंनी विचारलं.

"पुढं कधी बंद पडलं आणि मी इथं नसले, तर शेडमधल्या कुणाच्याबी पोराकडं दे."

"वरच्या ओळीत काय लिहिलंस ते तरी सांग."

संघप्रियानं घडी पुन्हा उलगडली, आणि अकराचं पान वाचावं तशा खड्या आवाजात वाचू लागली, "घाबरू नका. आधी काय काय चालू हाय ते बघा."