फांदीवर बांधलेली पाकोळी

मी एक जुनी पाकोळी आहे, कापूस भरलेलं पाखरू. मित्रांनो, दचकू नका. मेलेल्यांनी बोलू नये हा नियम जिवंत माणसांनी केला आहे, आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

हैदराबादच्या जुन्या शहरात एका कमानीखाली माझा जन्म झाला. पिसं आणि काड्या थुंकीनं चिकटवून केलेलं आमचं घरटं. तिथून एकदा झेप घेतली की दिवसभर आकाशातच. किडे हवेत टिपायचे, पाणीसुद्धा उडता उडता प्यायचं. आमचे पाय अगदी इवलेसे, चारही बोटं पुढे वळलेली. भिंतीला लटकायला ते पुरतात, पण फांदीवर बसायला कामाचे नाहीत. मी जन्मात कधी फांदीवर बसले नाही. पुढचं सगळं रामायण याच्यावरूनच झालं, म्हणून आधी सांगून ठेवते.

एका दुपारी मी एका बंगल्याच्या काचेला आकाश समजले आणि कारभार आटोपला. चादरघाटच्या खाजा मियाँनी मला सोललं, कीड लागू नये म्हणून आतून सोमल चोळला, कापूस भरला, डोळ्यांच्या जागी काळे मणी बसवले. माणूस हाताचा हलका होता, पण त्यानं एक घोळ घातला. त्याच्याकडे एक भिंगरी, दुसऱ्याच जातीचं पाखरू, आधीच भरून तयार होती. तिचे पंख माझ्यासारखेच लांब आणि वाकडे, चोच तशीच आखूड, तोंड तसंच रुंद. खाजा मियाँना वाटलं, नवराबायको. मला तिच्याशेजारी फांदीवर बसवलं, आणि माझे पाय टिकेनात म्हणून तारेनं आवळून टाकले. काचेच्या पेटीवर पाटी लागली, ‘भिंगरीची जोडी’. जोडी कसली कपाळाची! तिची भावकी चिमण्या-बुलबुलांत. माझं दूरचं गोत सातासमुद्रापलीकडच्या, फुलांतला मध पिणाऱ्या इवल्या पाखरांत. पण तिचा तो काळा मणी सारखा माझ्यावर रोखलेला असायचा. आरशात पाहावं आणि आतलं माणूस परकं निघावं, तसं मला होई.

ती पेटी गौलीगुड्यात राहणाऱ्या माधवराव परतूरकरांनी घेतली. ते जामबागेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी पाहताक्षणी घोळ ओळखला आणि पोट धरून हसले. “असू दे. मुलांनाच ओळखायला लावतो,” म्हणाले, आणि मला तशीच बांधलेली ठेवली. दिवाणखान्यातल्या कोनाड्यात आमची पेटी बसली आणि मी त्या घरातली झाले.

घरात माणसं दोनच, माधवराव आणि त्यांची आई. आईला सगळे अक्का म्हणत. अक्कांचा थोरला मुलगा अनंत, सोळा वर्षांचा, एकोणीसशे आठ साली मुशी नदीला महापूर आला तेव्हा वाहून गेला होता. प्रेतही हाती लागलं नाही. अक्कांनी रीतीप्रमाणे बारा वर्षं वाट पाहिली. मग दर्भाचा पुतळा करून त्याला माधवरावांकरवी अग्नी दिला आणि श्राद्ध घातलं. त्या दिवसापासून त्या मोठ्यानं बोलायच्याच बंद झाल्या होत्या.

आणि त्यानंतर काही वर्षांनी एका संध्याकाळी दारात एक माणूस येऊन उभा राहिला.

“पोरवयात पुरात वाहून गेलो होतो,” तो म्हणाला. “नलगोंड्याकडच्या धनगरांनी काढलं. मागचं काही आठवत नाही. इथं कुणाचा तरी पोरगा गेला होता म्हणे.”

अक्कांनी कंदील त्याच्या तोंडाजवळ नेला. पुष्कळ वेळ धरून ठेवला. मग त्या म्हणाल्या, “अनंता?”

“असेन,” तो म्हणाला.

मित्रांनो, त्या एका शब्दानं माझ्या अंगातला कापूस गार पडला. अक्का मात्र ओक्साबोक्शी रडल्या. किती वर्षांनी त्या घरात मोठा आवाज झाला.

पण ज्याचे दिवस घातले तो घरात घ्यायचा कसा? घरचे उपाध्ये त्र्यंबकशास्त्री म्हणाले, त्याला पुन्हा जन्म द्यावा लागेल, तसा विधीच आहे. तुपानं न्हाऊ घालायचा, दुपट्यात गुंडाळायचा, आईच्या मांडीवर द्यायचा, नाव ठेवायचं. आणि तसं झालं. मिशा असलेल्या त्या बाळाचं डोकं अक्कांनी मांडीवर घेतलं, बायकांनी पाळणा म्हटला, कानात कुर्र करून ‘अनंत’ हेच नाव ठेवलं. कुणाला हसू आलं नाही. मी पेटीतून बघत होते, मला तर भीतीच वाटली.

पुढचं त्याहून विचित्र. आला तेव्हा तो अनंतासारखा फारसा दिसतच नव्हता, हे गल्लीतली माणसं आपसांत बोलत. नाकाचा थोडा भास, बस्स. पण अक्का सांगायच्या, “तू असा मान तिरकी करून हसायचास,” आणि तो तसा हसायचा. “तू भात डाव्या बाजूनं खायला घ्यायचास,” आणि तो तसा घ्यायचा. दुपारी घर निजलं की तो आमच्या पेटीसमोर येऊन काचेत आपलं तोंड बघायचा. मान तिरकी करायचा. हसायचा. त्याचं हसू नेमकं माझ्या आणि भिंगरीच्या मधोमध पडायचं. दिवसागणिक तो चेहरा भरत गेला. दिवाळीपर्यंत गल्ली म्हणायला लागली, अगदी अनंताच की हो.

फक्त माधवराव गप्प होते. ते एकदा एकटेच आमच्यापाशी येऊन पुटपुटले, “दादाच्या डाव्या पावलावर बंबातल्या निखाऱ्याचा डाग होता. ह्याच्या नाही.” मेलेल्यांसमोर माणसं मोकळी बोलतात. बाहेर मात्र त्यांनी ब्र काढला नाही. अक्का पुन्हा जेवत होत्या, गुणगुणत होत्या. ते सुख कोणत्या तोंडानं मोडायचं?

अशात शाळेवरून गवगवा झाला. मास्तर पोरांना माणूस माकडाचा भाऊबंद म्हणून शिकवतात, अशी ओरड झाली. शेवटी सुलतान बाजारातल्या एका वाचनालयानं उत्क्रांतीवर जाहीर वाद ठेवला. एका बाजूला माधवराव, दुसऱ्या बाजूला त्र्यंबकशास्त्री. माधवरावांनी आमची पेटी बरोबर नेली. चपला-जोडे दाराशी काढून माणसं सतरंजीवर दाटीनं बसली होती. बायका बांबूच्या चिकाच्या पडद्याआड, त्यांत अक्का. पहिल्या रांगेत तो, धाकट्या भावाचं कौतुक बघायला आलेला.

शास्त्रीबुवा काही लेचेपेचे नव्हते. त्यांनी आमच्याकडे बोट केलं. “मास्तर, माणूस नि माकड दिसायला सारखे, म्हणून एका कुळातले म्हणता. मग हे दोन पक्षी एका कुळातले का?”

“नाहीत.”

“मग सारखेपणाचा पुरावा तुमचा तुम्हीच बुडवलात की!”

सभा खो खो हसली. माधवरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पेटी उघडली, माझ्या पायांची तार सोडली आणि मला फांदीवर उभं केलं. मी उभी राहीन कशी? पडले टेबलावर तोंडघशी.

“बघा,” ते म्हणाले. “ही कधी फांदीवर बसलेलीच नाही. दोघींचं काम एक, उडत उडत किडे धरण्याचं. हजारो पिढ्या एकच काम केलं, म्हणून पंख एका साच्यात उतरले. ते सारखेपण कामाचं आहे, कुळाचं नाही. कुळ बघायचं तर वरचं रूप सोडा. आतली हाडं बघा, पाय बघा. माकडाचं नि आपलं जमतं ते तिथं, आत.”

मागून एकानं विचारलं, “तो मास्टर साब, सूरत देखके पैचानना नक्को बोलो?”

“नक्को,” माधवराव म्हणाले. “सूरत कुणाचीही घेता येते. पाय बघा.”

बोलता बोलता त्यांची नजर पहिल्या रांगेकडे गेली. मुद्दाम नव्हती, असं ते अजूनही म्हणतात. पण सभेत गौलीगुड्यातली जुनी माणसं होती. त्यांना डाग आठवला. एक मान वळली, दुसरी वळली, मग सगळ्याच वळल्या. त्या माणसानं आपले उघडे पाय हळूच धोतराखाली ओढून घेतले.

वाद माधवरावांनी जिंकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर अक्का शांतपणे म्हणाल्या, “तूप मीच चोळलं होतं रे त्याच्या पावलांना. तुला काय वाटलं, मला दिसलं नसेल?”

“मग तू बोलली का नाहीस?”

“अनंता गेला, त्याचं मी सगळं केलं. हा मी नवा जन्माला घातला. आईनं बाळाच्या अंगावर दुसऱ्याचे डाग शोधायचे असतात का?”

तो माणूस आमच्या पेटीपाशी उभा होता. मी तळाशी उताणी पडले होते. त्यानं मला ओंजळीत घेतलं.

“मास्तर, हिला परत बसवणार?”

“नाही,” माधवराव म्हणाले. “ती तिथली नव्हतीच.”

“मला खरंच वाटायचं, मी अनंत आहे,” तो म्हणाला. “हसून बघायचो, तर कधी कधी आठवल्यासारखं व्हायचं. पुरात मीही वाहिलो होतो, तेवढं खरं आहे. तुम्ही शिकलेले आहात. सांगा, मग मी कोण?”

माधवरावांनी मला त्याच्या ओंजळीतून घेऊन पेटीच्या तळाशी ठेवलं. सकाळी बिछाना नीट घडी करून ठेवलेला होता आणि तो गेलेला होता. अक्कांनी हाक मारली नाही. त्यांचं मोठ्यानं बोलणं पुन्हा बंद झालं.

मला त्यानंतर कुणी बांधलं नाही. माझी पिसं गळतात, पेटीवर धूळ साचते, आणि भिंगरी एकटी फांदीवरून माझ्याकडे बघत असते. त्याचं मला काही नाही. मला वाईट वाटतं ते माधवरावांचं. शाळेला सुट्टी लागली की ते मुशीच्या काठानं खाली खाली जातात, गावोगाव विचारत फिरतात, माझा भाऊ पाहिलात का. परत आले की अक्कांपुढे बसून सगळं सांगतात, म्हणून मला कळतं. लोक विचारतात, दिसतो कसा? नाव खरं नाही, गाव ठाऊक नाही, अंगावर खूण म्हणून काही नाही. तेव्हा माधवराव आपल्याच चेहऱ्यावर हात ठेवून म्हणतात, “माझ्यासारखा.”

मित्रांनो, तुमच्या दाराशी असा कुणी आला, तर त्याला आधी पाणी द्या. आणि आमच्या घरी निरोप पाठवा.