मी भरणार नाही!

मी एक जुनी, जाड काचेची बाटली आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझी कीव करायची नाही. भट्टीतून निघाल्यावर माझ्या बहिणी सरबताला, तेलाला गेल्या आणि गळ्यापर्यंत भरून मिरवू लागल्या. मी गेले हृदयाची ऑपरेशनं होणाऱ्या इस्पितळात. ऑपरेशननंतर छातीत झिरपणारं रक्त नळीवाटे माझ्यात येतं. पलंगाखाली बसायचं, तळाशी थोडं पाणी धरायचं आणि येईल ते पोटात घ्यायचं, ही माझी नोकरी. मी भरू लागले की माणसांची तोंडं उतरतात. म्हणून मी ठरवूनच टाकलं, भरायचं नाही!

माझ्या ठरवण्याला कोण विचारतो म्हणा. पण मला एक सोबती मिळाला, शिरेतून दिलं जाणारं एक औषध. त्यावरून एकदा चांगलंच वाजलं.

बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे एक मास्तर ऑपरेशनला आले होते. भूल देणारे डॉक्टर त्यांच्या बायकोला म्हणाले, "रक्तस्राव कमी व्हावा म्हणून रक्त घट्ट करायचं औषध देऊ."

बाई शिवणकाम करणाऱ्या. त्या उसळल्याच. "वर्षभर पातळ करायच्या गोळ्या तुम्हीच दिल्यात, परवा बंद केल्यात, आणि आता घट्ट करणार? एकदा काय ते ठरवा! ह्यांच्या हृदयात गोठलं म्हणजे? मी नाही हो म्हणणार."

शेजारच्या ट्रॉलीवर कापडात गुंडाळलेली मी मनात म्हणाले, झालं, आता माझं पोट भरणार.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "माझा शब्द चुकला. कापलेल्या जागी शरीर स्वतःच रक्ताची गाठ धरतं, आणि मग ती विरघळवायलाही लागतं. हे औषध ते विरघळणं रोखतं."

"म्हणजे टाका घालत नाही, घातलेला उसवू देत नाही?"

"बरोबर. पण तुमची भीती अगदीच खोटी नाही, म्हणून आम्ही मोजूनमापून देतो."

"मग असं सांगा की! घट्ट काय, पातळ काय. द्या."

ऑपरेशन झालं. मला मास्तरांच्या पलंगाखाली ठेवलं. माझ्या पोटावर चिकटपट्टी होती, तिच्यावर सिस्टरने रेघ मारली. रक्त रेघेच्या वर गेलं, तर छाती पुन्हा उघडावी लागणार होती. रक्त चढू लागलं. मी म्हटलं, चढ बघू कसं चढतंस ते! धार थेंबांवर आली, थेंब रेंगाळले आणि रेघेच्या खालीच थांबले.

"थांबलं!" बाई ओरडल्या.

सिस्टर मात्र हसली नाही. "नळी चोंदली असेल तरी असंच दिसतं, ताई. मग रक्त आत साठून हृदयालाच दाबतं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतकी प्रामाणिकपणे रिकामी राहिले, आणि माझ्यावरच संशय! सिस्टर गुडघ्यांवर बसून माझ्या पाण्यात बुडालेली नळी पाहू लागली. मास्तर आता यंत्राशिवाय स्वतःच श्वास घेत होते. त्यांनी श्वास घेतला, नळीतलं पाणी वर गेलं. सोडला, खाली आलं.

"नळी मोकळी आहे. खरंच थांबलंय."

बाई फरशीवरच बसल्या आणि माझ्यावर हात ठेवून रडल्या. "शहाणी गं माझी बाई," मला म्हणाल्या. औषधालाही म्हणायला हवं होतं, पण मी श्रेयात वाटा मागितला नाही आणि दिलाही नाही.

आता माझ्या जागी प्लास्टिकचे डबे आले आहेत. मी कपाटावर असते. कुणी म्हणतं हिच्यात वेल लावू, कुणी म्हणतं रंगीत पाणी भरू. हात तर लावून बघा! मित्रांनो, कुणाच्या पलंगाखाली असा डबा दिसला तर त्याला पाय लावू नका, तो वर उचलू नका, त्याच्या नळीवर बसू नका. आणि तो रिकामा दिसला, तर निरुपयोगी म्हणू नका.

मी कपाटावर चढले त्याच सुमारास मास्तर तपासणीला आले, ट्रम्पेट घेऊनच. डॉक्टरांनी हो म्हणताच आवारात त्यांनी असं काही फुंकलं की शिपाई धावत सुटला. मी कपाटावर थरथरले. काचेची आहे, पण फुटले नाही. आणि भरले तर मुळीच नाही.