मुलगा मरतो तो प्रवेश

"मावशी, आवाज खाली. इथं प्रेक्षक नाहीत," दिग्दर्शक सचिन सहाव्यांदा म्हणाला.

मालनबाईंना तेच तर उमजत नव्हतं. समोर माणसंच नाहीत, तर रडायचं कोणासाठी? सव्वीस वर्षं त्यांनी झाडीपट्टीच्या मंडपांत या जुन्या नाटकातली राणी उभी केली होती. सावत्र मुलासाठी कालवलेलं विष पोटचा मुलगाच पितो, आणि राणी असा हंबरडा फोडते की पार शेवटच्या रांगेतल्या बाया डोळ्याला पदर लावत. आता त्या नाटकाचा सिनेमा होत होता. राजवाड्याचं भंडारा जिल्ह्यातल्या कोंढा गावातलं घर झालं होतं, राणीची पाटलीण. खिडक्यांवर काळी कापडं ठोकलेली, आवाज नको म्हणून पंखा बंद, दाराला आतून कडी. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून भूपेंद्र हा तरुण नट मेल्यासारखा पडला होता. त्याच्या कपाळावर घाम डवरला होता.

"जराक बाहेर जाऊन येतो जी," मालनबाई म्हणाल्या.

"एवढं होऊ द्या, मावशी. घर आजच्यापुरतंच मिळालंय." सचिन त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "अभिनय करूच नका. तुमचं स्वतःचं कोणी गेलेलं आठवा."

मालनबाईंनी भूपेंद्रच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला. मग म्हणाल्या, "ते नका मांगू, साहेब. नाटकातलं काय पायजे ते सांगा."

"त्याशिवाय हा सिनेमा होणार नाही." तो हे इतक्या मायेनं म्हणाला, की नाही म्हणायलाही जागा उरली नाही.

त्यांचा मोनू एकविसाव्या वर्षी गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात बुडून गेला. तिसऱ्याच दिवशी प्रयोग होता आणि मंडळीकडं दुसरी राणी नव्हती. मालनबाई गेल्या, हंबरडा फोडून आल्या. लोक म्हणाले, काय रडली! पण ते रडणं राणीचं होतं. मोनूसाठीचं रडणं त्यांनी कोणाला दाखवलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा.

कॅमेरा सुरू झाला. हंबरडा आलाच नाही. भूपेंद्रच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. मालनबाईंनी ते लावलं, कॉलर सारखी केली आणि हलकेच म्हणाल्या, "थंडी वाजन तुले."

ही ओळ कोणी लिहिली नव्हती. पाण्यातून काढलेल्या मोनूला त्या हेच म्हणाल्या होत्या.

"कट!" सचिन म्हणाला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मालनबाई उठू लागल्या.

"बसा, मावशी. आता हेच बाजूनं घेऊ. मग वरून. आणि एकदा अगदी जवळून, नुसते हात."

"आखीन?"

"जसंच्या तसं."

नाटकात मुलगा एका प्रयोगात एकदाच मरायचा, आणि पडदा पडला की उठून चहा प्यायचा. मालनबाईंनी दाराकडे पाहिलं. दाराला टेकवून दिव्याचा स्टँड उभा केला होता.

प्रत्येक शॉटच्या नोंदी ठेवणारी दीपमाला भंडाऱ्याचीच पोरगी. वहीत बघत ती म्हणाली, "मावशी, मघा तुमी उजव्या हातानं बटन लावलं. आन् 'थंडी वाजन' त्याच्या बादमंदी म्हटलं." बोलता बोलता ती अडखळली. "करता ना जी?"

"करतो, बाई."

कॅमेरा सरकवला गेला. भूपेंद्रनं डोळे मिटले. मालनबाईंनी लावलेलं बटण आपल्याच हातानं काढलं, आणि उजवा हात मोकळा ठेवून त्या हुकमाची वाट पाहत बसल्या.